ताटातून उचललेली मूठ

आत्याबाई,

कशा आहात तिकडे? पावसाळी हवा सुटली की चुलीपुढून उठताना भिंतीला हात लावावा लागायचा तुम्हाला, ती कंबर आता बरी आहे का? मामाजींचा दमा कसा आहे? तिकडे बिडी मिळत नसेल तर एव्हाना त्यांची छाती मोकळी झाली असेल. थोरल्या काकासासऱ्यांना आता दिसतं का, की अजून कोणाला हात धरून न्यावं लागतं? तुमची ती शिंगमोडी म्हैस, जी मेली तेव्हा तुम्ही अन्नाला शिवला नव्हता, ती बरी आहे ना? झालं, सगळ्यांचं विचारून झालं. आता माझ्या पोरीचं विचारते. शेवटी विचारते, कारण ती तुमच्या हाती आहे आणि तुमच्या हातावर माझा भरवसा नाही. अंग धरलं का तिनं? तिकडे तरी तिला पोटभर देता ना?

इकडे आम्ही ठीक आहोत. तुमचा मुलगा, माझा नवरा, कानानं अधू झालाय. काम सांगितलं तर ऐकू येत नाही, जेवायला बोलावलं तर पहिल्या हाकेत येतो. तुमचा नातू सौंदडला स्टेशनच्या रस्त्यावर किराण्याचं दुकान चालवतो, धानाची बांधी ठेक्यानं कसायला दिली आहे. तुमची नातसून गोंदियाची आहे, शहरातली, एक वाक्य मराठीत सुरू करते आणि हिंदीत नेऊन सोडते. लग्नाला बरीच वर्षं झाली, देवदेव करून झाले, आणि आता तिला दिवस गेलेत. आठवा सरत आलाय. तिच्यापायीच हे पत्र लिहायला बसले. तुम्ही म्हणायच्या, "लिवता येते म्हनून का धान कापता येते?" धान मी कापला, आत्याबाई, तुमच्याहून जास्त कापला. आणि लिहायलाही शिकले. शाळेनं चौथीत सोडलं, पण दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची, ती वाचून वाचून पुढचं शिकले. इतकी वर्षं अक्षर घोटलं ते बहुतेक तुम्हाला चार शब्द सुनवायलाच.

मी पहिल्यांदा गरोदर होते. पाचवा लागला तसा तुमचा कायदा सुरू झाला. सगळ्यांचं जेवण होतं. मी शेवटी बसते. तुम्ही माझं ताट ओढून घेता आणि भात वाढता, अगदी शीग लावून, कारण गर्भारणीचं ताट उणं वाढलं तर घराला दोष लागतो. शेजारची बाई दारात बसलेली असली तर तिलाही दिसलं पाहिजे की ताट भरलेलं आहे. आणि मग तुम्ही त्याच ताटात हात घालता, एक मूठ भात उचलता आणि भाताच्या गंजात परत टाकता. पाचव्यात एक मूठ, सातव्यापासून दोन. कमी वाढलं असतं तर मी मनाला समजावलं असतं की घरात कमी आहे. पण ढोली धानानं गच्च भरलेली होती, ती मीच तर लिंपली होती. तुम्ही दाखवायच्या आणि मग काढून घ्यायच्या. कुत्र्यालासुद्धा कोणी असं करत नाही, त्याला टाकलेला तुकडा त्याचा असतो.

एकदा मी धीर करून विचारलं, "कायले काढता आत्याबाई?"

"पोटात पोर रायते का भात रायते?" तुम्ही म्हणालात. "दोघायले जागा कोठून आननार? पोर मोठं झालं का अडते. मंग बोंबलत बसशीन, आत्याबाई मेली व, आत्याबाई मेली व."

"पन मले चक्कर येऊन राह्यली."

"चक्कर का पोटात येते? डोक्यात येते. डोक्यानं काम नोको करू, हातानं कर."

त्यावर मामाजी हसले. तुम्हीही हसलात. मीही हसले, हे लिहायला मला लाज वाटत नाही, कारण तेव्हा दुसरं काही येतच नव्हतं.

रोवण्याचे दिवस होते. मी चिखलात वाकलेली, हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची पेंडी, आणि डोळ्यांपुढे पाणी काळं होतंय. शेजारच्या बांधीतल्या एका म्हातारीनं पदरातून मोहफुलाचा लाडू काढून मला दिला. मी तो चिखलाच्या हातानंच तोंडात घातला. तुम्ही धुऱ्यावरून ओरडलात, "तोंड चालवाले आनली का रोवाले आनली तुले?" सगळ्या बाया हसल्या. लाडू तोंडात होता, गिळावा की थुंकावा कळेना. मी गिळला. आयुष्यात तुमच्याविरुद्ध केलेलं ते माझं पहिलं काम.

नर्सबाई यायच्या, रक्त वाढायच्या लाल गोळ्या द्यायच्या. तुम्ही दोन्ही हातांनी घ्यायच्या, "देते ना बाई, रोज देते" म्हणायच्या, आणि नर्सबाईंची पाठ वळली की गोळ्या शेणखताच्या खड्ड्यात. या गोळ्यांनी पोर फुगतं म्हणे. त्या वर्षी आपलं शेणखत मोठं जोमदार झालं असेल, आत्याबाई. माझ्या बोटांची नखं मात्र पांढरी पडली होती.

मग ती झाली. कापणीचे दिवस होते, घरात नव्या तांदळाचा वास. रीतीप्रमाणे तिला सुपात ठेवली. ज्या बाईनं सूप उचललं तिनं एकदा सुपाकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. रिकामं सूप उचलावं तसं ते उचललं गेलं होतं. आणि तुम्ही दारातून गावाला सांगत होता, "पाहा, कसं मोकरं झालं बाळंतपन! एक बोंब नाई मारली पोरीनं." बोंब मारायला अंगात जोर लागतो, आत्याबाई. तिच्यातही नव्हता. ती छातीशी लागायची आणि ओढतच नव्हती, थकून झोपायची. आठवडा काढला नाही तिनं. तुम्ही म्हणालात, "देवानं देल्ली, देवानं नेल्ली." देवाचं नाव सोयीचं असतं, तो उलटून बोलत नाही.

दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले होते. बापाचा पाय मोडला असं खोटं सांगून सालेकशाला माहेरी गेले आणि परत आलेच नाही. बाप आपल्या दोन्ही पायांवर जंगलात मोहफुलं वेचत होता. माय वाढायची, मी जेवायची, कोणी ताटाकडे पाहायचं नाही. नर्सबाईंच्या गोळ्या घेतल्या, दुपारची पडायची. तुमचा नातू झाला तो मुसळासारखा. मी त्याला घेऊन परतले तेव्हा तुम्ही त्याला हातात तोलून गावभर सांगितलं, "आमच्या घरचं हाड हाये!" हाड तुमचं असेल. त्यावरचं मांस माझ्या मायचं होतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी रडले, लोकांसमोर रडावं लागतं. पण तेराव्याला मी तीनदा भात मागून घेतला. वाढणाऱ्या बाईला वाटलं, बिचारी दुःखात इतके दिवस जेवली नसेल.

एवढ्यावर राग थांबला असता तर बरं झालं असतं. पण राग म्हणजे लोणचं, बरणीत राहिलं की मुरतं. सुनेला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी मी काय केलं सांगू? देवघरातला तुमचा हार घातलेला फोटो काढला आणि स्वयंपाकघरात आणून ठोकला, बरोबर तिच्या ताटासमोर. तुमच्या मुलानं पाहिलं. "माय इथं काऊन आनली व?"

"जेवन पाहू दे तिले," मी म्हटलं.

"लय माया आली व तुले, इतक्या वर्सानं," म्हणाला आणि डोळे पुसत दुकानात गेला. मी त्याचा गैरसमज राहू दिला.

मग मी वाढायला लागले. सकाळी डिंकाचा लाडू, वर तुपाची धार. दहाला शिरा. दुपारी भाताची शीग, वरणावर तूप, पापड तळलेला. चारला परत लाडू. रात्री दुधात साखर, साखरेवर बदाम. प्रत्येक वाढणं तुमच्या डोळ्यांत डोळे घालून वाढलं. नाकावर टिच्चून म्हणतात ना, तसं. सून ताटावर बसण्याआधी तुमच्या फोटोला हात जोडायची. "आजी के चेहरे पे कितनी शांती है ना, आई?" मी म्हटलं, हो, आता आहे.

"आई, बस ना. सच्ची, जागा नाही."

"जागा करून घ्यावी लागते. हा एक तुयासाठी, हा पोटातल्यासाठी."

"आणि हा तिसरा?"

"थो एका जनीले दाखवाले."

ती हसायची आणि खायची. महिन्यांच्या मानानं पोट फार मोठं दिसायला लागलं. शेजारणी दारातून विचारायच्या, "जुळे हायेत काय व तुया सुनेले?" आणि माझी छाती फुगायची. तिचे पाय सुजले, जोडवी साबण लावून काढावी लागली, जिना चढताना ती मध्येच थांबू लागली. मी म्हटलं, बाळसं आहे. घरातला झाडूसुद्धा तिच्या हातातून काढून घेत होते मी. तुम्ही मला चिखलात वाकवलं, मी तिला पलंगावर बसवलं. तिनं एकदा म्हटलं, "आई, जरा फिरून येते, अंग जड वाटतं." मी म्हटलं, फिरायला तुले कोनी गाय म्हनून सोडली का?

मागे तपासणीला गोंदियाला डॉक्टरबाईंकडे नेलं, मीच सोबत गेले. काट्यावर उभी केली तशा डॉक्टरबाई थबकल्या. गोड पाणी पाजून रक्त तपासलं. साखर चढलेली निघाली, दाबही वरच्या रेघेला टेकलेला. त्यांनी तिला विचारलं, "घर में खाना कौन परोसता है?"

मी मान खाली घातली. पोर म्हणाली, "मीच घेते मॅडम. मीठा बहुत पसंद है मुझे."

तिला गोड आवडत नाही, आत्याबाई. लग्न होऊन आली तेव्हापासून बिनसाखरेचा चहा पिते. माझ्यासाठी खोटं बोलली ती.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, पण भीडही ठेवली नाही. म्हणाल्या, दोघांचं जेवायचं हे कोणी सांगितलं? पहिल्या तीन महिन्यांत तर वेगळं काही लागतच नाही, पुढे थोडं वाढवायचं. वजन वाढलं पाहिजे, पण हळूहळू, धानाच्या लोंबीत दाणा भरतो तसं, एका रात्रीत नाही. साखर अशीच राहिली तर बाळ फार मोठं होईल, बाळंतपणात अडेल, बाईला धोका, बाळालाही. गोड बंद. तूप चमचाभर. भात मोजका, वरण, पालेभाजी, अंडं, मासे जास्त. थोडं थोडं, पण वेळेवर. आणि जेवल्यावर चालायचं. उपास मात्र करायचा नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

"पोर मोठं झालं का अडते." तुमचं वाक्य, तुम्ही मेल्यानंतर इतक्या वर्षांनी, पांढऱ्या कोटातून. माझं रक्त तापलं. मी विचारलंच, "मॅडम, मग कमीच खाल्लं तर? पोर लहान राहते, सुटसुटीत होते, असं जुन्या बाया म्हणत."

"लहान राहतं ना, मावशी. कमजोर राहतं. दूध ओढायला ताकद नसते. आणि आईच्या अंगात रक्त नसलं तर सुटसुटीत कसलं? ती जाते कधीकधी."

ऐकलंत ना, आत्याबाई? पुन्हा वाचा. दूध ओढायला ताकद नसते. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्या दुधातच काही खोट होती. तुम्हीच तसं सांगितलं होतं गावाला.

परतीच्या गाडीत पोर खिडकीशी बसून होती. मी म्हटलं, "कायले खोटं बोलली व?" ती म्हणाली, "तुम्ही इतक्या प्यार से देता, मना करायला जीभ नाही उचलत." आणि बाहेर पाहत राहिली. मला मायेचं वाटायला हवं होतं. पण काळजात लख्ख झालं. ही तिन्ही त्रिकाळ घाबरून जेवत होती. मी घाबरून उपाशी राहिले, ही घाबरून पोटभर जेवली, आणि वाढणाऱ्या सासूच्या हातात डाव तोच.

घरी आले ती भ्यालेली आले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं झालं माझं. तुपाचा डबा माळ्यावर, गूळ दुकानात, लाडू शेजारच्या पोरांना वाटून टाकले. डोळ्यांपुढे सारखं येत होतं, पोर अडलंय, गाडी मिळत नाही, रक्त मिळत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवायला बसली. मी सवयीनं भात वाढला, सवयीनंच शीग लागली. मग साखर आठवली. आणि माझा हात तिच्या ताटात गेला. मी एक मूठ भात उचलला.

हात माझा होता, आत्याबाई. बांगड्या माझ्या होत्या. पण कोणी पाठीमागून पाहिलं असतं तर तुम्ही आहात असं म्हणालं असतं.

तिनं माझं मनगट धरलं. घट्ट नाही, पण धरलं. "आई, रुको. भात बंद नाही सांगितला त्यांनी. किती घ्यायचा ते सांगितलंय, मला माहीत आहे." मग आवाज खाली करून म्हणाली, "मला भूक लागली आहे."

एवढंच. मला भूक लागली आहे. हे मी तुम्हाला त्या वर्षात एकदाही म्हटलं नाही. चक्कर येते म्हटलं, हात कापतो म्हटलं, भूक लागली म्हटलं नाही. आपल्या घरात ते सुनेनं म्हणायचं वाक्यच नव्हतं.

तिनं माझ्या हातातली मूठ गंजात परत टाकू दिली, पण डाव स्वतः घेतला. ताटातला भात थोडा आणखी काढला, वाटीभर वरण घेतलं, लाल भाजी घेतली, उकडलेलं अंडं फोडलं, आणि सावकाश जेवली. तेव्हापासून ती आपलं आपण वाढून घेते. कधी माझ्या मते फार कमी घेते, कधी फार जास्त, मी ओठ चावून बसते. संध्याकाळी तुमचा नातू दुकान बंद करून तिला स्टेशनच्या रस्त्यानं फिरवून आणतो. जोडीनं फिरताना लोक पाहतात, पाहू देत. परवाच्या तपासणीत साखर उतरलेली निघाली, दाब ठीक, वजन वाढतंय पण आता भराभर चढत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. सुजेवर अजून लक्ष ठेवायचं आहे. गाडी सांगून ठेवली आहे, गोंदियालाच न्यायचं ठरलंय. जीव टांगणीला आहे तो आहेच.

तुम्ही गेल्यावर एकदा मामाजींनी मला एक गोष्ट सांगितली होती. म्हणाले, "तिची मोठी बहीन बाळंतपनात गेली व. लाडाची होती, खाऊन पिऊन. पोर अडलं. बैलबंडीत घालून नेलं, पन रस्ता सरला नाई. तुई आत्याबाई बंडीतच होती, तिच्या डोक्याले मांडी देऊन." मी तेव्हा कान बंद केले होते. मला तुमचं दुःख नको होतं, माझंच गंज भरलेलं होतं. आता तो भात माझ्या मुठीत आला तेव्हा कळलं की हात कशानं उचलला जातो. पण समजलं म्हणजे सोडून दिलं असं समजू नका. भीती तुमची होती, पोट माझं होतं. बहीण तुमची होती, पोर माझी होती. तुमच्या बहिणीचा हिशेब तुम्ही माझ्या ताटात का मांडला, हे मी वर आले की तुमच्या तोंडावर विचारणार आहे. तिकडे सगळे बसलेले असतील तेव्हाच विचारणार, मामाजींसमोर, शेजारणींसमोर, आणि कोणी हसलं तर मी हसणार नाही.

हे पत्र पोस्टात पडणार नाही, तुमच्या गावचा पिन कोणाला माहीत नाही. घरात कोणाला वाचूनही दाखवणार नाही. म्हणून एक खरं लिहून टाकते. पोरीनं मनगट धरलं तेव्हा मला आधी तिचा राग आला होता. क्षणभर. म्हणावंसं वाटलं, सोड, सासू आहे मी. शब्द अगदी दातांशी आला होता. मग तिची बोटं पाहिली, सुजलेली, माझ्या मनगटाभोवती पुरती पोचतही नव्हती. ती किती भ्याली असेल आणि तरी तिनं धरलं. मला कोणी सांगितलंच नव्हतं की सासूचं मनगट धरता येतं.

मी धरलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, आत्याबाई? हात झटकला असता, की थांबला असता? खोटं लिहू नका, मला गोड उत्तर नको. आणि उशीर करू नका, पोरीला नववा लागतोय. लवकर कळवा.